लिपी एक, मात्रा वेगळ्या

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतल्या आशियाई पॉप संगीतावरील लेखात आलान या चिनी गायिकेच्या पहिल्या जपानी अल्बमला दोन परिच्छेद मिळाले, याचे कौतुक आधी नोंदवतो. आपल्याकडे हा विषय निघाला की गाडी सहसा कोरियाच्या पुढे सरकत नाही. पण त्या दोन परिच्छेदांत चुका आहेत; दोन आधी सांगतो, बाकीच्या ओघात येतील. तिचे नाव ‘अ‍ॅलन’ असे छापले आहे, ही एक. ‘चीन व जपानची चित्रलिपी एकच असल्यामुळे चिनी गायकांना जपानीत गाणे फारसे जड जात नाही’ हे विधान, ही दुसरी. पहिली हसण्यावारी नेता येईल. दुसरीत मात्र नेमकी जिथे गाडी अडते तीच जागा सपाट रस्ता म्हणून दाखवली गेली आहे, म्हणून हे लांबलेले पत्र.

नावाचे आधी उरकतो. ‘अ‍ॅलन’ वाचून डोळ्यांसमोर कुणी गोरा गृहस्थ येतो. ही गायिका सिचुआन प्रांताच्या पश्चिमेला, गार्झे या तिबेटी स्वायत्त विभागातल्या दानबा परिसरातली. जन्म २५ जुलै १९८७. पूर्ण नाव आलान दावा डोल्मा. तिबेटीत दावा म्हणजे चंद्र आणि डोल्मा म्हणजे तारा देवी, बौद्धांची तीच तारा. नावाचा चिनी उच्चार ‘आ-लान’. जपानीत ‘ल’ हा वेगळा वर्णच नाही, म्हणून टोकियोच्या विमानतळावर उतरल्या उतरल्या तिची ‘आरान’ झाली. चिनी गायिकेला जपानीत काय काय बदलावे लागते, याची सुरुवात अशी स्वतःच्या नावापासून होते. जाता जाता, ‘व्हॉइस ऑफ अर्थ’ हे अल्बमचे नाव देवनागरीत छापले की ‘अर्थाचा आवाज’ असा भलताच अर्थ निघतो. तिथे पृथ्वी अभिप्रेत आहे.

हा अल्बम एवेक्स ट्रॅक्स या जपानी संगीत कंपनीने ४ मार्च २००९ रोजी काढला. बीजिंगच्या सैनिकी कला अकादमीतून, एर्हू हे चिनी तंतुवाद्य वाजवायला आणि गायला शिकून आलेली ही मुलगी २१ नोव्हेंबर २००७ रोजी पहिले जपानी सिंगल, म्हणजे सुटे गाणे, घेऊन बाजारात आली. मधल्या साडेपंधरा महिन्यांत तिने जे केले त्यात चित्रलिपीचा उपयोग किती आणि अडचण किती, ते पाहू.

चिनी माणसाला जपानी मजकूर पाहून अर्थाचा अंदाज येतो, हे खरे. वर्तमानपत्राचे मथळे तो न शिकता बऱ्यापैकी समजून घेईल. पण गाणे डोळ्यांनी गात नाहीत. एकाच चित्राक्षराचे जपानीत दोन, तीन, कधी पाच-सहा उच्चार असतात आणि कुठला कुठे, हे शब्दागणिक पाठ करावे लागते. तिच्या पहिल्या सिंगलचे नाव ‘आशिता ए नो सांका’. त्यातला ‘उद्या’ हा शब्द ज्या दोन अक्षरांनी लिहितात ती ‘आशिता’ अशीही वाचतात, ‘आसु’ अशीही, आणि औपचारिक जागी ‘म्योऽनिचि’ अशीही. दिशा दाखवणारा ‘ए’ हा प्रत्यय लिहिताना ‘हे’ असतो. एप्रिल २००९ च्या ‘कुओन नो कावा’मध्ये ‘कुओन’ या शब्दाची दोन्ही अक्षरे चिनी शाळेत लहानपणीच येतात; पण त्यांचे इथले वाचन बौद्ध ग्रंथांच्या परंपरेतून आलेले, नेहमीपेक्षा निराळे. जो नेहमीच्या नियमाने वाचेल तो ‘क्यूऽएन’ म्हणेल आणि फसेल.

त्यात जपानी गीतकारांची एक खोड आहे. लिहायचे एक आणि गायचे दुसरे. कागदावर ‘विश्व’ची दोन अक्षरे असतात, वर बारीक अक्षरांत ‘सोरा’ म्हणजे आकाश असे लिहिलेले असते आणि गायकाने ‘सोरा’ गायचे असते. श्रोत्याला आकाश ऐकू येते, गीतपत्र उघडून बसलेल्याला विश्व दिसते. जपानी माणसाला यात गंमत वाटते. चिनी गायकाचा डोळा मात्र आधी मोठ्या अक्षरांवर जातो, तोंडात तिथला चिनी उच्चार येऊ लागतो, आणि तो गिळून दुसराच शब्द काढायचा असतो.

अर्थाचेही तेच. ‘प्रेम’ आणि ‘माणूस’ या दोन अक्षरांचा शब्द मुख्य भूमी चीनमध्ये नवरा किंवा बायको यांच्यासाठी वापरात आला. जपानीत तोच शब्द ‘आइजिन’, म्हणजे लग्नाबाहेरच्या संबंधातली व्यक्ती. तैवानच्या तेरेसा तेंगचे १९८५ चे गाजलेले जपानी गाणे याच नावाचे आहे. चीनमधल्या वाचकाने नुसते नाव वाचून ते गृहसौख्याचे गाणे समजले तर त्याला दोष देता येणार नाही. हिंदी भाषक ‘शिक्षा’साठी मुलांना शाळेत पाठवतात आणि मराठी वाचक दचकतो, तसाच हा मामला. लिपी एक असल्यानेच हे घडते. वेगळी असती तर निदान सावध तरी राहता आले असते.

पण खरे काम पुढेच आहे, आणि ते मराठी वाचकाला जगातल्या बहुतेकांपेक्षा लवकर कळेल.

शाळेत ज्यांनी वृत्ताचे गण पाडले आहेत त्यांनी आठवावे. ऱ्हस्वाची एक मात्रा, दीर्घाच्या दोन. जोडाक्षराचा आघात ज्यावर येतो त्या अक्षराच्या दोन. अनुस्वार असला तरी दोन. जपानी पद्याचे आणि गाण्याचे माप जवळजवळ हेच आहे. दीर्घ स्वराला दोन, ‘न्’ची स्वतःची एक, द्वित्त व्यंजनाच्या आधीच्या क्षणभर थांब्याचीही एक. फरक दोन. एक, जपानीत ‘ए’ आणि ‘ओ’ ऱ्हस्वही असतात, आणि ‘आ’चा उच्चार आपल्या ‘आ’सारखा असला तरी लांबी ‘अ’इतकीच. दोन, आपण गुरू अक्षर एकसंध ओढतो. जपानीत दुसरी मात्रा सुटी धरतात आणि संगीतकार तिला स्वतंत्र सूर देऊ शकतो. हायकूचे ५-७-५ हेही या मात्रांचेच माप आहे. मराठी हायकूत ते अक्षरांवर नेले गेले किंवा सोडूनच दिले गेले, हा वेगळा विषय.

आता गाण्यांची नावे मोजून पाहा. खाली प्रत्येक तुकडा एक मात्रा. आ-शि-ता-ए-नो-सा-न्-का: आठ. मे २००८ चे ‘नात्सुकाशिइ मिराइ’: ना-त्सु-का-शि-इ, मि-रा-इ: पुन्हा आठ. ‘गुंजोऽ नो तानि’, म्हणजे गर्द निळी दरी: गु-न्-जो-ओ-नो-ता-नि: सात.

यातल्या ‘सांका’ची दोन अक्षरे मँडरिनमध्ये, म्हणजे चीनच्या प्रमाण भाषेत, दोनच सूर घेतात, जपानीत तीन. ‘मिराइ’ (भविष्य) मँडरिनमध्ये ‘वेइ-लाइ’, दोन, जपानीत तीन. मँडरिनचा नियम सरळ आहे: एक अक्षर, एक श्वासाचा ठोका, बहुधा एक अर्थ. त्यामुळे मँडरिनभाषक गायकाच्या हातून जपानीत ठरावीक जागी ठरावीक गळती होते. ‘सान्’ एका सुरावर संपवला जातो आणि ‘न्’चा सूर रिकामा राहतो, किंवा त्यावर उगाच ‘ना’ येतो. ‘शिइ’तला दुसरा ‘इ’ गिळला जातो. ‘गुंजोऽ’चे ‘गुंजो’ होते आणि ओळ एका मात्रेने आधी संपते. मग ती मात्रा भरून काढायला शेवटचा स्वर ओढला जातो, आणि जपानी कानाला शब्द लंगडल्यासारखा वाटतो.

उलट्या बाजूची चूकही होते, आणि तिचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण हाँगकाँगच्या ॲग्नेस चॅनचे आहे. २५ नोव्हेंबर १९७२ रोजी तिचे पहिले जपानी सिंगल ‘हिनागेशि नो हाना’ आले. त्याच्या सुरुवातीला टेकडी या अर्थाचा ‘ओका’ हा दोन मात्रांचा शब्द आहे. तिची नक्कल करणारे आजतागायत तो ‘ओक्का’ असा तीन मात्रांचा करून गातात, आणि पुढचे काही न गाताही कुणाची नक्कल चालली आहे ते सगळ्यांना कळते. हाँगकाँगच्या कँटोनीज बोलीत शब्द क्, त्, प् यांवर तोडून संपवायची सवय असते, मँडरिनमध्ये ती नाही; तेव्हा ‘चिनी गायक’ म्हणून सगळ्यांना एका तागडीत तोलणेही बरोबर नाही. हाँगकाँगच्या गायिकेला द्वित्ताचा थांबा आयता येतो, बीजिंगमध्ये शिकलेलीला तो मुद्दाम शिकावा लागतो. १९७२ मध्ये हा परकेपणा गोड मानला गेला, त्यावर प्रसिद्धीही उभी राहिली. एवेक्सने २००७ मध्ये आलानला ज्या गंभीर, संथ, मोठ्या आवाजाच्या गाण्यांसाठी उभे केले त्यांत तो गोडवा चालला नसता. पृथ्वी, आकाश, उद्या यांच्यावर गाणाऱ्या बाईने ‘ओक्का’ म्हणून भागत नाही.

मात्रेबरोबर वजनाचाही प्रश्न येतो. मँडरिनमध्ये बहुधा प्रत्येक सुरावर स्वतःचा अर्थ असलेले एक अक्षर येत असल्याने गायक प्रत्येक सुराला नीट उचलून ठेवतो. जपानीत ‘नात्सुकाशिइ’ हा एक शब्द पुरा व्हायला पाच सूर जातात. पाचही सुरांना सारखे वजन दिले तर शब्द ठोकळ्यांसारखा ऐकू येतो. म्हणजे चिनी गायकाने शिकायचे आहे ते उच्चारण्याइतकेच, वजन काढून घेणेही. याच कारणाने एखाद्या जपानी चालीला चिनी शब्द बसवले की गाणे एकदम दाट होते. तेवढ्याच सुरांत चिनी गीतकार दुप्पट-तिप्पट सांगून मोकळा होतो.

आणि श्वास. जपानी वाक्याची बांधणी आपल्यासारखी, क्रियापद शेवटी आणि नामाला चिकटलेले प्रत्यय. ‘ए नो’ म्हणजे शब्दशः ‘कडे’ अधिक ‘चा’. ‘आशिता ए नो’ला मराठीत ‘उद्याकडचे’ असा सुबक पर्याय मिळतो. चिनीत विभक्ती नाही. त्यामुळे प्रत्यय हा सुटा छोटा शब्द समजून त्याच्या आधी श्वास घेतला जातो, आणि ते आपण ‘घरा’ म्हणून थांबावे, श्वास घ्यावा आणि मग ‘त’ म्हणावे तसे होते. सूर बिनचूक असला तरी ऐकणाऱ्याचा अर्थ तुटतो.

व्यंजनांकडे वळतो. मँडरिनमध्ये क-ख, त-थ, प-फ अशा जोड्या आहेत (फ म्हणजे ओठ मिटून म्हणायचा, ‘फळ’ यातला). ग, द, ब हे खरे घोष वर्ण नाहीत. बीजिंगचा ‘ब’ प्रत्यक्षात ‘प’च्या जवळ आहे. जपानीत नेमके उलटे: तिथे क-ग, त-द या फरकावर अर्थ उभा असतो आणि ‘ख’ आणि ‘थ’ने काही बिघडत नाही. ‘तेन्कि’ म्हणजे हवामान, ‘देन्कि’ म्हणजे वीज. मँडरिनभाषक विद्यार्थी ‘देन्कि’ म्हणतो आणि जपानी माणसाला ‘तेन्कि’ ऐकू येते. क, ख, ग, घ चारही आपल्याकडे असल्याने मराठी कान ही गफलत पहिल्या ओळीत पकडतो. हा आपला फुकटचा फायदा आहे, तो घ्यावा.

‘न्’च्या बाबतीतही तसेच. तो जपानी वर्ण म्हणजे आपला अनुस्वारच: पुढे प-ब आले की म्, त-द आले की न्, क-ग आले की ङ्. आपण ‘संबंध’, ‘संताप’, ‘शंका’ म्हणताना विचार करत नाही. ‘सांका’ आपल्या तोंडून आपसूक बरोबर निघतो. मँडरिनमध्ये न् आणि ङ् यांनी शब्द बदलतात, म्हणून तिकडचा माणूस प्रत्येक वेळी ‘यातला कोणता?’ असा विचार करत बसतो. जपानीत तो प्रश्नच नसतो. शब्दाच्या मधला ‘ग’ नाकातून, म्हणजे ‘ङ’च्या अंगाने म्हणण्याची जुनी शिस्त जपानी गायकांत आहे. पॉपमध्ये ती झपाट्याने जाते आहे, तरी संथ गाण्यात काही शिक्षक अजून आग्रह धरतात. मुळाक्षरांत आणि ‘वाङ्मय’मध्ये सोडून न भेटणाऱ्या ‘ङ’ला तिकडे असे काम आहे.

‘त्सु’चे मराठीत आपण उगाच जोडाक्षर करतो. ‘चूक’, ‘चूल’ यांतला जो च, तो ऱ्हस्व उकाराने म्हटला की ‘त्सु’ झाला. चिनी गायकाला हा वर्ण अडत नाही. अडतो तो त्यातला ‘उ’. मँडरिनचा ‘उ’ ओठांचा चंबू करून येतो, जपानीचा ओठ सैल ठेवून. उंच पट्टीत ओठ गोल झाले की स्वर काळवंडतो आणि ‘उ’चा ‘ओ’ होऊ लागतो.

बोलण्यातले जपानी आणि गाण्यातले जपानी यांतला एक फरक पुण्यात जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांच्याही कामाचा आहे. बोलताना ‘आशिता’तला ‘इ’ जवळजवळ नाहीसा होतो, ‘आश्ता’ असे ऐकू येते. गाताना त्या ‘शि’ला पुरा सूर दिलेला असेल तर ‘इ’ पुरा उघडावा लागतो. आपण ‘घर’ बोलताना शेवटचा ‘अ’ टाकतो आणि श्लोक म्हणताना तो परत येतो, तसे. म्हणून गाण्यांवरून बोलणे शिकणाऱ्याचे जपानी पाठांतर केल्यासारखे ताठ होते, आणि बोलण्यावरून गाणे शिकणाऱ्याच्या मात्रा गळतात. गाण्यावरून स्वराघात तर मुळीच शिकू नये. ‘आमे’ पहिल्या मात्रेवर उंच असेल तर पाऊस, दुसरीवर असेल तर गोळी-चॉकलेटातली गोळी. आजचे पॉप संगीतकार चालीपुढे हा भेद बिनदिक्कत सोडून देतात.

स्टुडिओत हे सगळे कसे सांभाळतात, त्याची साधारण पद्धत अशी. चाल आणि शब्द ठरले की एखाद्या जपानी गायिकेकडून ‘कारिउता’ करून घेतात, म्हणजे कच्चे गायन. परभाषक गायक ते ऐकून शिकतो. इथला धोका हा की उच्चारांबरोबर त्या गायिकेच्या लकबीही अंगाला चिकटतात. म्हणून जाणते निर्माते कारिउता मुद्दाम कोरडी, बिनहरकतींची ठेवायला सांगतात. मग शब्दपत्र. चिनी गायकाच्या हातात चित्राक्षरांचे पत्र देणे टाळतात, कारण वर सांगितलेले सापळे. सगळे शब्द ‘हिरागाना’ या जपानीच्या उच्चारदर्शक लिपीत लिहितात, एका सुराखाली एक अक्षर. काही जण त्याखाली चिनी रोमन लेखन जोडतात. ती चूक आहे, कारण त्या लेखनातला ‘बी’ म्हणजे ‘प’ आणि ‘डी’ म्हणजे ‘त’. डोळा तो वाचतो आणि घोष वर्ण पुन्हा मरतात. नंतर चाल बाजूला ठेवून नुसत्या ठेक्यावर शब्द म्हणायचे, प्रत्येक मात्रेला बोटाने टिचकी. ‘न्’ला टिचकी पडते की नाही, एवढेच पाहायचे. हे पक्के झाल्याशिवाय सूर लावू देत नाहीत.

ध्वनिमुद्रण ओळीओळीने होते. काचेपलीकडे सुराकडे कान लावलेला एक आणि भाषेकडे कान लावलेला एक अशी दोन माणसे हवीत. एकाच माणसावर दोन्ही सोपवले की तो सुरात गुंततो आणि ‘द’चा ‘त’ निसटतो. अनेक टेकांतून चांगले तुकडे वेचून ओळ जोडतात. इथे लोकांचा एक गैरसमज असतो: संगणकावर सगळे दुरुस्त होते. सूर होतो. थोडीफार लांबीही ताणता येते. पण ‘देन्कि’च्या जागी ‘तेन्कि’ आले असेल तर घोष आणता येत नाही, आणि जिथे ‘न्’ गायलाच गेला नाही तिथे ताणायला काही नसते. ती ओळ पुन्हा गावी लागते. प्रत्ययाआधी घेतलेला श्वास पुसता येतो, पण पुसल्यावर तिथे पडलेला खड्डा त्या श्वासाहून जास्त जाणवतो.

आलानच्या बाबतीत एक गोष्ट भाषेच्या बाहेरची होती, आणि एवेक्सने ती बरोबर हेरली. तिबेटी डोंगराळ गायकीतला तो उंच, कापत जाणारा, शब्दांवाचूनचा आवाज. त्याला ना चित्रलिपी लागते ना मात्रा. तिच्या जपानी गाण्यांत तो मुद्दाम राखलेल्या जागी येतो. शब्दांच्या ओळी मोजून मापून चाललेल्या असतात आणि मग एकदम छप्पर उडाल्यासारखा तो आवाज सुटतो. या दोहोंतला फरक ऐकण्यासारखा आहे, आमच्या मते अल्बम घेण्याचे मुख्य कारण तेच. एर्हू हे तिचे वाद्यही याच कामाचे. दोनच तारा, डी आणि ए या सुरांत लावलेल्या, गज त्या दोन तारांच्या मधून कायमचा अडकवलेला, खाली अजगराच्या कातड्याने मढवलेला छोटा डबा. पडदे नाहीत, त्यामुळे सुरावरून सुरावर घसरत जाता येते, आणि तिचा गळाही तसाच घसरतो.

लेखात ‘एका अल्बमने ती जपानभर पोहोचली’ असेही आहे. जपानचा बाजार तसा चालत नाही. तिथे आधी सिंगल्स येतात आणि ती पुरेशी साठली की अल्बम. नोव्हेंबर २००७ मध्ये ‘आशिता ए नो सांका’ (चाल काझुहितो किकुचि यांची), मार्च २००८ मध्ये ‘हितोत्सु’, मेमध्ये ‘नात्सुकाशिइ मिराइ’, जुलैमध्ये ‘सोरा उता’, ऑक्टोबरमध्ये ‘रेड क्लिफ’चे गाणे. ही सगळी अल्बममध्ये आहेत. प्रत्येक सिंगलला बाहेरचा एक आधार जोडायचा, त्याला तिकडे ‘ताइआप्पु’ म्हणतात: मालिका, जाहिरात, चित्रपट. ‘नात्सुकाशिइ मिराइ’ एनएचके या जपानी सार्वजनिक वाहिनीच्या पर्यावरण मोहिमेला जोडलेले होते. ‘रेड क्लिफ’ हा जॉन वू यांचा, इ.स. २०८ मधल्या लढाईवरचा दोन भागांचा चित्रपट; त्यात एवेक्सचाही पैसा होता आणि संगीत तारो इवाशिरो यांचे. पहिला भाग जपानमध्ये १ नोव्हेंबर २००८ ला लागला. चिनी इतिहासातली लढाई, चिनी गायिका, जपानी शब्द. आणि जपानमध्ये त्या इतिहासातली नावेही जपानी वाचनाने म्हणायची: त्साओ त्साओ या सरदाराला ‘सोऽसोऽ’, आणि रेड क्लिफ ही जागा, चिनीत ‘छिपी’, तिला ‘सेकिहेकि’.

अल्बम दोन प्रकारांत निघाला, नुसती सीडी आणि सीडी-डीव्हीडी. जपानमध्ये नव्या सीडीची किंमत सहसा निर्मात्याने ठरवलेली असते, दुकानदाराला ती निदान सुरुवातीला पाडता येत नाही. नवा अल्बम बहुधा सगळीकडे तेवढ्यालाच. जुन्या सीडींच्या दुकानात मात्र निम्म्याहून कमीत मिळू शकतो. तिथे घेताना बाजूची कागदी पट्टी, ‘ओबि’, शाबूत आहे का आणि गीतपत्र आत आहे का ते पाहावे. गीतपत्र नसेल तर वर सांगितलेला अभ्यास निम्मा होतो.

प्रकाशनाचा वारही योगायोगाने ठरत नाही. ४ मार्च २००९ ला बुधवार होता. २१ नोव्हेंबर २००७ लाही. ओरिकॉन या जपानमधल्या विक्रीच्या क्रमवारीचा आठवडा सोमवार ते रविवार. माल मंगळवारी दुपार-संध्याकाळपर्यंत दुकानात पोहोचतो, चाहते तेव्हाच उचलतात (त्याला ‘फुरागे’ असा खास शब्द आहे), आणि त्या आठवड्याच्या आकड्यात जवळजवळ सहा दिवसांची विक्री बसते. शुक्रवारी काढले तर तीनच दिवस हाती राहतात.

लेखात उल्लेखलेला ओरिकॉनचा तिसरा क्रमांक या अल्बमचा नाही. तो ‘कुओन नो कावा’ या सिंगलचा. ते ८ एप्रिल २००९ ला, पुन्हा बुधवारी, ‘रेड क्लिफ’च्या दुसऱ्या भागाच्या दोनच दिवस आधी आले. अल्बम त्याच्या महिनाभर आधीचा, त्यामुळे हे गाणे त्यात शोधून सापडणार नाही. ते २५ नोव्हेंबर २००९ च्या ‘माय लाइफ’ या दुसऱ्या अल्बममध्ये आहे. आणि ‘जपानमध्ये गाजलेली पहिली चिनी गायिका’ हे तर अजिबातच खरे नाही. तैवानच्या ओउयांग फेइफेइचे ‘आमे नो मिदोऽसुजि’ १९७१ चे, ॲग्नेस चॅन १९७२ ची. तेरेसा तेंगचे १९७४ चे पहिले जपानी सिंगल पडले, त्याच वर्षीचे दुसरे, ‘कूऽकोऽ’, चालले. आलानचे वेगळेपण एवढेच की ती मुख्य भूमी चीनमधून, मँडरिनमध्ये शिकून आली होती, आणि हाँगकाँग किंवा तैवानच्या गायिकांना जपानी गाण्यांचा जो शेजार होता तो तिला नव्हता.

ज्यांना ऐकून पाहायचे आहे त्यांनी ‘आशिता ए नो सांका’ घ्यावे आणि शीर्षकाचे शब्द येतील तिथे बोटावर आठ मात्रा मोजाव्यात. सातवीवर, ‘न्’वर, कान ठेवावा. तिथे ओठ-जीभ मिटलेले असूनही सूर चालू आहे की नाही, एवढेच पाहावे. हीच परीक्षा जपानीत गाणाऱ्या कुठल्याही परदेशी गायकाला लावता येते, मराठी विद्यार्थ्यांच्या स्नेहसंमेलनातल्या जपानी गाण्यांनाही.

जपानी शब्द छापण्याबाबत एक सूचना. दीर्घ स्वरासाठी अवग्रह वापरला (तोऽक्योऽ, ओऽसाका) तर वाचकाला मात्रा बरोबर कळतात, आणि टंकात ते चिन्ह आधीपासून आहे. जागेअभावी तेवढे जमणार नसेल तर राहू द्या, पण दुरुस्तीत तो ‘अ‍ॅलन’ तेवढा काढा.

आपले,
जपानी भाषेचे दोन शिक्षक, पुणे